गाडीच्या इंजिनाचा संगणक : कोड केव्हा पुसावा आणि कसा पुसावा



नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील नाळा, निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव या पट्ट्यात केळी, नारळ, पालेभाज्या तसेच मोगरा, जाई, सोनचाफा अशी फुले घेतली जातात. हा माल वाट पाहत नाही. पहाटे खुडलेली पालेभाजी व फुले वेळेवर बाजारात पोचली तरच भाव मिळतो. दादरच्या फुलबाजारात सकाळी उशिरा पोचलेल्या मोगऱ्याला पहाटेचा भाव मिळत नाही. म्हणून लोकलबरोबरच पिकअप, 'छोटा हत्ती' किंवा घरची मोटार हेही आता खत, बियाणे व पंपाप्रमाणे शेतीचेच साधन झाले आहे.

अशा गाडीत एखाद्या दिवशी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते, पण ओढ कमी वाटते. मग कोणी सांगतो, "बॅटरीची वायर काढून पुन्हा लावा, दिवा जाईल." कोणी म्हणतो, "स्कॅनर लावून कोड उडवून टाका." दिवा जातोही. परंतु काही दिवसांनी तो पुन्हा लागतो आणि तोपर्यंत किरकोळ बिघाडाचे मोठ्या खर्चात रूपांतर झालेले असते. कोड पुसणे, म्हणजेच संगणक रीसेट करणे, हा कोणत्याही बिघाडावरचा उपाय नाही. ते दुरुस्तीनंतरचे शेवटचे काम आहे. हे काम केव्हा करावे, केव्हा टाळावे आणि करायचे असल्यास कोणत्या क्रमाने करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

इंजिनाचा संगणक काय करतो?

जुन्या गाड्यांत पेट्रोल व हवेचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे आणि मिस्त्री स्क्रू फिरवून ते कमी-जास्त करीत असे. हल्लीच्या गाड्यांत हे काम ई.सी.यू. नावाचा लहान संगणक करतो. इंजिनात किती हवा शिरली, पाणी किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, क्रँक किती वेगाने फिरतो आणि धुरात ऑक्सिजन किती शिल्लक आहे, ही माहिती त्याला निरनिराळे सेन्सर देतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा व ठिणगी केव्हा टाकायची हे तो ठरवतो.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला मात्र सुमारे ९ किलोच पुरते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवताना तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडे जास्त सोडावे लागते. हा फरक संगणक धुरातील ऑक्सिजनवरून ओळखतो आणि मात्रा वाढवतो. हवेची गाळणी थोडी तुंबली, इंजेक्टर थोडा घाण झाला, इंजिन जुने झाले, तरी तो अशीच जुळवाजुळव करीत राहतो. या जुळवाजुळवीच्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. निरोगी पेट्रोल गाडीत हा आकडा साधारणपणे अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत राहतो.

म्हणजे संगणकाच्या स्मरणात दोन गोष्टी असतात. एक, शिकलेली जुळवाजुळव. दुसरी, बिघाडाची नोंद, म्हणजेच कोड. अनेक वर्षे कामावर असलेल्या गड्याला कोणत्या वाफ्याला किती पाणी लागते हे सांगावे लागत नाही. संगणकाचेही तसेच आहे. रीसेट केल्यावर कोड पुसला जातो आणि बहुतेक गाड्यांत ही शिकलेली माहितीही पुसली जाते. काही दिवस तो नव्या गड्यासारखा पुन्हा शिकत असतो.

रीसेट करणे आणि संगणकातील मूळ प्रोग्रॅम बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीसेटमुळे मूळ प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. "ॲव्हरेज वाढवून देतो" असे सांगून कोणी प्रोग्रॅमच बदलू लागला तर त्यास नकार द्यावा.

दिव्याची भाषा ओळखावी

इंजिनाचा दिवा चावी फिरवल्यावर लागणे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणे ही योग्य स्थिती आहे. चावी फिरवूनही तो मुळीच लागत नसेल तर दिवाच बंद पडला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकला आहे, असे समजावे. इंजिन सुरू असताना पुढील फरक लक्षात घ्यावा.

१) दिवा स्थिर आहे व गाडी नेहमीप्रमाणे चालते : माल पोचवून यावे, परंतु त्याच आठवड्यात कोड वाचून घ्यावा.

२) दिवा उघडझाप करतो व इंजिन 'मिसिंग' मारते : वेग कमी करावा, जोर देऊ नये व लवकरात लवकर थांबावे. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. त्यातील चिनीमातीची जाळी वितळते. एका प्लगच्या किंवा कॉइलच्या किरकोळ खर्चाऐवजी प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम असलेला महाग भाग बदलावा लागतो.

३) लाल रंगाचा ऑइलचा किंवा पाण्याच्या तापमानाचा दिवा : हा वेगळा इशारा आहे. इंजिन ताबडतोब बंद करावे. येथे रीसेटचा प्रश्नच येत नाही.

कोड कसा वाचावा?

भारतात बिघाड नोंदवण्याची ही व्यवस्था भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर तिचे नियम अधिक कडक झाले. अशा गाडीत स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूस १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्यात गॅरेजचा स्कॅनर किंवा मोबाइलशी जोडता येणारे लहान यंत्र लावून कोड वाचता येतो. गावातील दोन-चार वाहनधारकांनी मिळून असे यंत्र घेतल्यास कोणावरही खर्चाचा मोठा भार पडत नाही.

कोडमध्ये एक अक्षर व त्यापुढे चार आकडे किंवा अक्षरे असतात. पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे ब्रेक व चाकांची व्यवस्था, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे निरनिराळ्या संगणकांमधील आपसांतील संपर्क. नेहमी आढळणारे काही कोड पुढे दिले आहेत.

पी ०१७१ – इंधनाच्या मानाने हवा जास्त. आधी तपासावे : हवेच्या पाइपची चीर, सैल क्लिप, व्हॅक्यूम नळी, इंधनाचा दाब.

पी ०३०० ते पी ०३०४ – मिसिंग. शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. ०३०० असल्यास मिसिंग कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते निश्चित नाही. आधी तपासावे : स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर, पेट्रोलमधील पाणी.

पी ०११८ – पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे सर्किट. आधी तपासावे : तुटलेली वायर, निघालेला कनेक्टर. वायर तुटल्यास स्कॅनरवर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास दिसते. आपल्या हवेत हे अशक्य असल्याने दोष चटकन ओळखता येतो.

पी ०३३५ – क्रँक सेन्सर. गाडी सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते. आधी तपासावे : कनेक्टरमधील पाणी व गंज.

पी ०४२० – कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम अपुरे. कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी मिसिंग, धुराच्या नळीची गळती व ऑक्सिजन सेन्सर तपासावा.

पी ०५६२ – विजेचा दाब कमी. आधी तपासावे : बॅटरी, तिची टर्मिनले, अल्टरनेटर, अर्थिंग.

पी २४६३ – डिझेल गाडीच्या काजळी गाळणीत जास्त काजळी.

कोड हा रोगाच्या लक्षणासारखा असतो. पान पिवळे पडले म्हणजे नत्राचीच कमतरता असते असे नाही. पाणी साचल्यानेही पान पिवळे पडते. तसेच पी ०१७१ आला म्हणजे सेन्सर खराब झाला असे नाही. सेन्सर खरे बोलत असतो आणि दोष दहा रुपयांच्या क्लिपमध्ये असतो. कोड पाहून लगेच सेन्सर बदलणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो.

कोड वाचल्यावर तो कागदावर लिहून घ्यावा किंवा पडद्याचा फोटो काढून ठेवावा. कोडबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंदही असते. बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे व तापमान किती होते हे ती सांगते. बिघाड कधीमधी येणारा असेल तर मिस्त्रीला तो शोधण्यासाठी हाच मुख्य धागा असतो. कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून न वाचता पुसणे हे माती परीक्षणाचा नमुना प्रयोगशाळेत देण्याऐवजी फेकून देण्यासारखे आहे.

रीसेट केव्हा करावे?

१) दोष सापडून दुरुस्त झाल्यानंतर. उदा. फाटलेला हवेचा पाइप, खराब प्लग किंवा ऑक्सिजन सेन्सर बदलल्यावर. जुन्या दोषाच्या काळात शिकलेली चुकीची जुळवाजुळव यामुळे निघून जाते.

२) बॅटरी पूर्ण उतरल्याने किंवा कनेक्टर चुकून निघाल्याने कोड आला असेल व ते कारण दूर केले असेल तर.

३) थ्रॉटल साफ केल्यानंतर इंजिनाचे रिकामे फेरे अस्थिर झाले असतील आणि गाडीच्या पुस्तिकेत तशी पद्धत दिली असेल तर.

रीसेट केव्हा करू नये?

१) कोड वाचून लिहून घेतलेला नसताना.

२) दिवा उघडझाप करीत असताना केवळ पुढचा प्रवास उरकण्यासाठी.

३) गाडी कंपनीच्या वॉरंटीत असताना. बिघाडाची नोंद हाच आपला पुरावा असतो. तो पुसून सर्व्हिस सेंटरला गेल्यास दोष दाखवणे अवघड होते.

४) ॲव्हरेज वाढेल या आशेने. निरोगी गाडीत रीसेट केल्याने ॲव्हरेज वाढत नाही. दोष असलेल्या गाडीत एक-दोन दिवस फरक वाटतो. पुढे संगणक पुन्हा तेथेच येतो.

५) एअरबॅग व ब्रेकच्या दिव्यांसाठी. हे काम अधिकृत किंवा जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

दुरुस्ती खरोखर झाली असेल तर रीसेट न करताही दिवा आपोआप विझतो. साधारणपणे सलग तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर संगणक दिवा बंद करतो आणि इंजिन थंडीपासून गरम होण्याच्या सुमारे ४० फेऱ्यांनंतर कोडही काढून टाकतो. म्हणून घाई नसल्यास वाट पाहणे हाही चांगला मार्ग आहे. दिवा आपोआप गेला म्हणजे दुरुस्तीची खात्री पटते.

रीसेट करण्याच्या पद्धती

पहिली पद्धत – स्कॅनरने : ही पद्धत सर्वांत सुरक्षित आहे.

१) बॅटरी तपासावी. गाडी काही तास उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाब असावा; इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. दाब कमी असल्यास अनेक खोटे कोड येतात.
२) गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा. चावी चालू करावी, परंतु इंजिन सुरू करू नये.
३) सर्व कोड वाचून लिहून घ्यावेत.
४) दुरुस्ती झाल्याची खात्री करून कोड पुसण्याचा आदेश द्यावा.
५) चावी बंद करून एक मिनिट थांबावे. पुन्हा चालू करून कोड परत आला का ते पाहावे. लगेच परत आलेला कोड बहुधा वायर, कनेक्टर किंवा सेन्सरच्या सर्किटमधील चालू दोष दाखवतो.

दुसरी पद्धत – बॅटरीची निगेटिव्ह काढून : स्कॅनर उपलब्ध नसेल तरच ही पद्धत वापरावी. अनेक नव्या गाड्यांत कोड अशा स्मरणात साठवलेले असतात की बॅटरी काढूनही ते जात नाहीत. त्याउलट घड्याळ, रेडिओचा संकेतांक, काचांची आपोआप वर जाण्याची व्यवस्था यांचे स्मरण मात्र जाते. गाडीच्या पुस्तिकेत या पद्धतीस मनाई असल्यास ती वापरू नये.

१) रेडिओचा संकेतांक असल्यास लिहून ठेवावा. दिवे, पंखा, ए.सी. बंद करावेत.
२) चावी काढून घ्यावी व किमान पाच मिनिटे थांबावे. बंद केल्यावरही संगणक काही काळ नोंदी करीत असतो. युरियाचे द्रावण वापरणाऱ्या डिझेल गाडीत पंप नळ्या रिकाम्या करीत असतो. तेथे आणखी काही मिनिटे थांबावे.
३) दार व बोनेट उघडे ठेवावे. चावी गाडीत ठेवू नये, सेंट्रल लॉक लागण्याची शक्यता असते.
४) फक्त निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढावे व त्यावर कोरडे कापड गुंडाळावे. पॉझिटिव्हला हात लावू नये. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी.
५) १५ ते ३० मिनिटे थांबावे. लवकर व्हावे म्हणून दोन्ही वायरी एकमेकींना टेकवण्याचा प्रकार काही ठिकाणी करतात, तो कटाक्षाने टाळावा.
६) टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर गरम पाण्याने व ब्रशने काढून, कोरडे करून टर्मिनल घट्ट बसवावे.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि संगणक जळू शकतो. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी वायर काढण्याची जुनी रीत कार्ब्युरेटरच्या गाडीत खपून जात असे. संगणक असलेल्या गाडीत ती घातक आहे.

रीसेटनंतर काय करावे?

चावी चालू करून अर्धा मिनिट थांबावे. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करून पाच ते दहा मिनिटे रिकामे चालू द्यावे. नंतर ए.सी. लावून आणखी काही मिनिटे चालू ठेवावे. हे काम मोकळ्या हवेतच करावे. बंद शेडमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस गाडी निरनिराळ्या वेगाने चालवावी. काही वेळ शहरात, काही वेळ पेल्हारजवळून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एकसारख्या वेगाने. या काळात रिकामे फेरे थोडे वर-खाली होणे किंवा गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत हिसका बसणे शक्य आहे. हा दोष नव्हे. आठवड्याभरातही सुधारणा झाली नाही तर मूळ दुरुस्ती अपुरी आहे असे समजावे. पहिली फेरी मालाशिवाय करावी. पहाटे माल भरलेल्या गाडीवर प्रयोग करू नये.

सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाडीत रीसेटनंतर प्रथम काही अंतर पेट्रोलवर चालवावे. बाहेरून बसवलेल्या किटचा वेगळा संगणक असतो. त्याची जुळणी बिघडलेली असेल तर पेट्रोलच्या संगणकाची जुळवाजुळवही बिघडते. अशा गाडीत पी ०१७१ वारंवार येत असल्यास किटची तपासणी करून घ्यावी.

डिझेल पिकअप व ट्रॅक्टर

भारत स्टेज-६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत डी.पी.एफ. नावाची काजळी गाळणी असते. तीत साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानावर जळून जाते. त्यासाठी इंजिन गरम होऊन गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. वाडीतून बाजारापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरच्या व गर्दीतून थांबत-थांबत केलेल्या फेऱ्यांत हे तापमान मिळत नाही. गाळणीचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर साधारण २० मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. काजळी तशीच ठेवून संगणकातील काजळीचा आकडा शून्य करू नये. गाळणी रिकामी आहे असे समजून संगणक ती जाळण्याचे काम लांबवतो, काजळी मर्यादेबाहेर वाढते आणि पुढे ती पेटल्यास गाळणी तडकते. गाळणी काढून टाकून संगणकातून वगळण्याचा मार्गही पत्करू नये. प्रदूषणाची मानके मोडून वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) खाली दंडनीय गुन्हा आहे.

मोठ्या टेम्पो-ट्रकमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वापरतात. घरचा खताचा युरिया पाण्यात विरघळवून ते तयार करण्याचा मोह टाळावा. खताचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे आवरण असलेला येतो. हे तेल व इतर अशुद्ध घटक नळ्या व उत्प्रेरक निकामी करतात. संगणक दोष ओळखून गाडीची ताकद कमी करतो आणि कितीही वेळा रीसेट केले तरी ती परत येत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया पिकाखेरीज इतरत्र वापरणे गैर आहे.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा जास्त क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे या गटातील नव्या ट्रॅक्टरमध्येही संगणक व कॉमन रेल पंप आले आहेत. कॉमन रेल इंजिनाचा इंजेक्टर बदलल्यास त्यावरील संकेतांक स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. नुसत्या रीसेटने हे काम होत नाही. हा संकेतांक भरला का, ते बिल देताना विचारून घ्यावे.

आपल्या परिसरात घ्यावयाची विशेष काळजी

नालासोपाऱ्यात खाडी, मिठागरे आणि समुद्र जवळ आहेत आणि पावसाळ्यात पाणी तुंबते. १० जुलै २०१८ रोजी नालासोपारा स्थानकात रुळांवर पाणी साचल्याने वसई-विरार दरम्यानची लोकल सेवा बंद ठेवावी लागली होती. अशा दिवशी सारा भरवसा गाडीवर असतो आणि नेमकी तीही पाण्यात उभी असते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये. चावीही फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. वीजप्रवाह चालू असलेल्या ओल्या संगणकाच्या पट्ट्या झपाट्याने गंजतात. पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढावी, गाडीचे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे व गाडी ओढून न्यावी. पाणी शिरल्यावर इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा मिळत नाही. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले आहे का ते पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

२) बुडालेल्या गाडीत रीसेट हा शेवटचा टप्पा आहे. आधी इंजिन ऑइल व हवेची गाळणी तपासणे, कनेक्टर उघडून सुकवणे व संगणकाची पेटी कारागिराकडून उघडून पाहणे आवश्यक आहे. खारे पाणी वाळल्यावरही मीठ मागे राहते आणि हवेतील ओलावा शोषून गंज चालू ठेवते. त्यामुळे आज चालणारी गाडी दोन महिन्यांनी बंद पडते.

३) खाऱ्या हवेमुळे अर्थिंगच्या जोडांवर व कनेक्टरमध्ये हिरवट थर येतो. मेअखेर आणि दिवाळीच्या सुमारास असे वर्षातून दोनदा जोड तपासावेत. कनेक्टर साफ करण्यासाठी त्यासाठीच मिळणारा फवारा वापरावा. सँडपेपर घासू नये.

४) शेडमध्ये पेंड, धान्य किंवा केळीचा माल असेल तेथे उंदीर येतात व गाडीच्या वायरी कुरतडतात. अचानक तीन-चार निरनिराळे कोड एकदम आल्यास प्रथम बोनेट उघडून वायरी पाहाव्यात.

५) पिकअपच्या हौद्याला किंवा फाळक्याला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढावी आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावा. नाहीतर तो प्रवाह संगणकातून वाट काढतो.

६) इंजिन धुताना जोराच्या पाण्याचा झोत संगणकाच्या पेटीवर, फ्यूजच्या डब्यावर व कनेक्टरवर मारू नये.

जुनी गाडी विकत घेताना

जुनी गाडी दाखवण्याच्या दिवशी सकाळी कोड पुसून ठेवला की दिवा दिसत नाही. ही लबाडी ओळखता येते. संगणक स्वतःच्या निरनिराळ्या चाचण्या घेत असतो व कोड पुसल्यावर त्या पुन्हा अपूर्ण दिसतात. स्कॅनरवर 'मॉनिटर' किंवा 'रेडिनेस' या नावाने त्यांची यादी येते. अनेक चाचण्या अपूर्ण असतील तर अलीकडेच कोड पुसला गेला आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे, असे समजावे. पुष्कळ यंत्रांवर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही दिसते. अशा वेळी दोन-तीन दिवस गाडी चालवून पाहण्याची अट घालावी आणि चाचण्या पूर्ण झाल्यावरच व्यवहार करावा. पुरात बुडालेल्या गाड्याही साफ करून विक्रीस येतात. सीटखालचे गंजलेले बोल्ट, गालिच्याखालील गाळ व सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा पाण्याचा डाग पाहावा.

सारांश

१) आधी वाचा, मग शोधा, मग दुरुस्त करा आणि शेवटी पुसा. हा क्रम बदलू नये.
२) उघडझाप करणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये.
३) सेन्सर बदलण्यापूर्वी बॅटरी, अर्थिंग, पाइप, क्लिप व कनेक्टर तपासावेत.
४) शक्यतो स्कॅनरनेच रीसेट करावे. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नये.
५) बुडालेली गाडी सुरू करू नये.
६) गाडीच्या नोंदवहीत तारीख, किलोमीटर, आलेला कोड, केलेली दुरुस्ती व खर्च लिहावा. तोच कोड दुसऱ्यांदा आल्यास पहिली दुरुस्ती चुकीच्या जागी झाली हे या नोंदीवरून लगेच कळते.

पिकावर फवारणी करण्यापूर्वी आपण पान उलटून कीड कोणती ते पाहतो. गाडीच्या बाबतीतही हीच सवय लावून घेतल्यास खर्च वाचेल आणि पहाटे भरलेला माल वेळेवर बाजारात पोचेल.